कायदा कुणीच मोडला नाही, तरी माझी फाइल बाहेर गेली

कवडसा (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. लिहू की नको असं करत बरेच दिवस गेले. या विषयावर मराठीत सलग काही वाचायला मिळालं नाही आणि इथे डॉक्टर, वकील, आयटीवाले सगळेच आहेत, म्हणून शेवटी लिहितेय.

सात वर्षांपूर्वी मला नैराश्याचा त्रास होता. आठ महिने गोळ्या घेतल्या, समुपदेशन घेतलं, बरी झाले. नवरा आणि बहीण सोडून कुणाला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी आयुर्विम्याचा अर्ज भरला. गेल्या पाच वर्षांतले आजार विचारले होते, ते खरे खरे लिहिले. महिन्याभराने फोन आला. पलीकडचा माणूस अगदी सभ्यपणे बोलत होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्या जुन्या नोंदीत अमुक गोळी दिसतेय, ती नेमकी कधी बंद केलीत?" गोळीचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, सगळं त्याच्यासमोर उघडं होतं. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ नुसती बसून होते.

मला वाटलं, कुणीतरी आतून माहिती फोडली. तक्रार करायचीच, या तयारीने एका वकिलांकडे गेले. त्यांनी माझाच अर्ज माझ्यासमोर ठेवला. चौथ्या पानावर, सहीच्या जागेच्या वर, बारीक टायपात एक परिच्छेद होता. माझ्यावर उपचार केलेल्या कोणत्याही डॉक्टर, रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा औषधविक्रेत्याकडून माझी माहिती मागवण्याचा अधिकार मी कंपनीला देत आहे, आणि या संमतीची छायाप्रत मूळ प्रतीइतकीच ग्राह्य धरावी. त्याखाली माझी सही. वकील म्हणाले, "ताई, यात कायदा कुणीच मोडलेला नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. मग वाचत सुटले. सगळीकडे ज्याचं नाव घेतलं जातं तो अमेरिकेचा 'हिपा' कायदा १९९६ चा, त्याखालचा गोपनीयतेचा नियम २००३ पासून लागू झाला. मी धरून चालले होते की हा कायदा आपल्या माहितीचं रक्षण करतो. पण तो बांधतो फक्त काही मंडळींना: इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बिलं पाठवणारे डॉक्टर आणि रुग्णालयं, आरोग्यविमा योजना, या दोघांमधली बिलांची देवघेव करणाऱ्या संस्था, आणि त्यांच्यासाठी काम करणारे कंत्राटदार. आयुर्विमा कंपनी यात नाही. नोकरी देणारा मालकही, मालक म्हणून, नाही. फोनमधलं पाळीची तारीख सांगणारं ॲप नाही. म्हणजे केसपेपर डॉक्टरांच्या कपाटात असेपर्यंत त्याला कुलूप आहे, आणि माझ्याच सहीने तो बाहेर पडला की पुढे त्याचं काय होतं हे हा कायदा विचारत नाही.

मला समजून घ्यायचंय की हे कुंपण नेमकं कुठपर्यंत आहे. ज्यांना अनुभव आहे, माहिती आहे, त्यांनी लिहावं. सल्ला नाही दिलात तरी चालेल.


पाऊलवाट
सोमवार, रात्री १०.१५

कवडसाताई, हे लिहायला धीर लागतो. माझंही असंच झालंय, तपशील लिहीत नाही. वाचतेय.


अधोरेखित
सोमवार, रात्री ११.०५

मी वकिली करतो. आरोग्याचे दावे हे माझं मुख्य काम नाही, पण थोडे हाताळलेत.

हिपाच्या पूर्ण नावातच उत्तर आहे: हेल्थ इन्शुरन्स पोर्टेबिलिटी अँड अकाउंटेबिलिटी ॲक्ट. त्यात गोपनीयता हा शब्दच नाही. नोकरी बदलली तरी आरोग्यविमा सुटू नये आणि बिलांचं काम सुरळीत व्हावं, यासाठी तो आणला गेला. गोपनीयतेचे नियम त्याच्या पोटात नंतर तयार झाले. म्हणून उपचार, पैशाची वसुली आणि रुग्णालयाचं रोजचं कामकाज या तीन कारणांसाठी माहिती द्यायला रुग्णाची वेगळी परवानगी लागतच नाही. तिसरं कारण तर फार ऐसपैस आहे. न्यायालयाचा आदेश, पोलिसांच्या ठराविक मागण्या, साथरोगांची नोंद, यांनाही वाट आहे.

लोकांना सगळ्यात जास्त धक्का देणारी गोष्ट वेगळीच आहे. हिपा मोडला म्हणून रुग्णाला त्याच कायद्याखाली थेट दावा लावता येत नाही. सरकारी कार्यालयाकडे तक्रार करायची, चौकशी त्यांनी करायची. दंड झालाच तर तो सरकारजमा. काही राज्यांच्या कायद्यांतून दाद मागता येते, पण तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे.

तुमच्या प्रश्नाला धरून आणखी एक. आनुवंशिक चाचण्यांसाठी तिथे २००८ साली स्वतंत्र कायदा झाला, 'जीना'. आरोग्यविमा आणि नोकरी या दोन ठिकाणी आनुवंशिक माहितीवरून भेदभाव करायला त्याने बंदी घातली. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यातून सुटले. म्हणजे ज्या दारातून तुमची फाइल बाहेर गेली, ते दार तिथेही उघडंच राहिलं.

एका मुद्द्यावर मात्र दुरुस्ती. सगळे कायदे असे नाहीत. युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू, माहितीच्याच मागे जातो. रुग्णालय असो, ॲप असो, विमा कंपनी असो, आरोग्याची माहिती ही खास वर्गातली. नियम असा की तिला हात लावायचा नाही, आणि मग अपवादांची यादी. त्या यादीत पहिलाच अपवाद स्पष्ट संमतीचा आहे. सहीपाशी येऊन आपण पुन्हा तिथेच थांबतो.


कवडसा
सोमवार, रात्री ११.३०

धन्यवाद अधोरेखित. सही केली नसती तर विमा मिळाला नसता. मग तिला संमती म्हणायचं का, हे मला कळत नाही.


अधोरेखित
मंगळवार, सकाळी ७.५०

जीडीपीआरमध्ये संमती मोकळेपणाने दिलेली हवी असं लिहिलेलं आहे. नाही म्हटल्यावर नुकसान होत असेल तर तिच्या मोकळेपणावर प्रश्न उठतो. तो प्रश्न उठवायला कुणीतरी भांडावं लागतं, आणि बहुतेक लोक भांडत नाहीत, कारण भांडायचं तर तीच फाइल पुन्हा चारचौघांत उघडावी लागते. १९९७ चा झेड विरुद्ध फिनलंड हा खटला वाचा. नवऱ्यावरच्या फौजदारी खटल्यात बायकोच्या एचआयव्हीच्या नोंदी जप्त झाल्या, तिच्या डॉक्टरांना साक्ष द्यावी लागली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते दोन्ही योग्य ठरवलं. चूक धरली ती वेगळ्या ठिकाणी: अपील न्यायालयाच्या निकालपत्रातून तिची ओळख आणि आजार उघड झाला, आणि दहा वर्षांनी सगळे कागद खुले करायचं ठरलं. आजाराच्या माहितीला न्यायालयाने फार मोठं मोल दिलं, तरी गुन्ह्याच्या तपासापुढे ते मोल मागे सरलं.


नाडीपरीक्षा
मंगळवार, दुपारी २.२०

मी डॉक्टर आहे. थोडी वेगळी बाजू मांडते, कृपया गैरसमज नको.

माहिती अडली म्हणून बिघडलेले रुग्ण मी पाहिलेत. बेशुद्ध माणूस येतो, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते कुणालाच माहीत नसतं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते कळत नाही. अशा वेळी जुनी नोंद एका मिनिटात मिळाली तर जीव वाचतो. त्या मिनिटाला मला कुणाची परवानगी मागत बसायची नसते. उपचारासाठीची सूट ही पळवाट नाही, ती आमची गरज आहे.

दुसरं, गुपित ही डॉक्टरची शपथ असली तरी ती कधीच निरपवाद नव्हती. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तारासॉफ खटल्यात जे ठरवलं ते आम्हाला शिकवतात. एका रुग्णाने आपल्या थेरपिस्टला सांगितलं होतं की अमुक मुलीला मारणार. विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं गेलं, त्या मुलीला कुणीच सांगितलं नाही, आणि तिचा खून झाला. धोक्यात असलेल्या व्यक्तीला वाचवण्यासाठी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मला ते पटतं.

पण कवडसाने लिहिलंय त्याचा परिणाम माझ्या खोलीत रोज दिसतो, म्हणून लिहायला बसले. मी लिहायला घेतलं की रुग्ण माझ्या हाताकडे बघतात. काही जण मध्येच थांबतात आणि म्हणतात, "डॉक्टर, हे लिहू नका ना." दारू किती घेतो, घरात मारहाण होते, पूर्वी गर्भपात झालाय, झोपेच्या गोळ्या चालू आहेत. मी लिहिलं नाही तर पुढच्या डॉक्टरला कळणार नाही, लिहिलं तर हा माणूस पुढच्या वेळी मला खरं सांगणार नाही. एका बाईंनी आधी घेत असलेली गोळी माझ्यापासून लपवली, मी दिलेलं औषध तिच्याबरोबर चालत नव्हतं. दोन दिवस त्या रुग्णालयात होत्या. मी विचारलं, "का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "कम्प्युटरमध्ये जातं ना सगळं."


टिपकागद
मंगळवार, दुपारी ३.०५

नाडीपरीक्षा, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. धागा वाचनखुणेत साठवला आहे.


जुनी_नोंद
मंगळवार, रात्री ९.१०

मी एकोणीस वर्षं रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केलं. आता सोडलंय, म्हणून मोकळेपणाने लिहितो. रुग्णालयाचं नाव विचारू नका.

सगळे बाहेरच्या चोराबद्दल बोलतात. मी पाहिलेली बहुतेक गळती आतली होती, आणि ती करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. वॉर्डातल्या संगणकावर सकाळी एकीने लॉगिन केलं की तेच लॉगिन पुढची पाळी संपेपर्यंत चालू. रुग्ण तळमळतोय, प्रत्येक वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार? कीबोर्डच्या खाली चिकटपट्टीने लावलेला पासवर्ड मी स्वतः पाहिलाय, कडा काळ्या पडलेल्या, म्हणजे वर्षानुवर्षं तोच. मग एखादा शेजारी, नातेवाईक किंवा सहकारी भरती होतो आणि काळजीपोटी म्हणा, कुतूहलापोटी म्हणा, कुणीतरी त्याची फाइल उघडून बघतं. यंत्रात नाव उमटतं सकाळच्या पाळीतल्या सिस्टरचं, जी केव्हाच घरी गेलेली असते.

हे फक्त माझ्याकडचं नाही. पोर्तुगालमधल्या बारेरूच्या रुग्णालयाला २०१८ मध्ये तिथल्या नियामकाने ४ लाख युरोंचा दंड ठोठावला. तिथे डॉक्टर २९६ होते आणि यंत्रात डॉक्टर म्हणून चालू असलेली खाती ९८५. मी हा आकडा वाचला तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. माणूस नोकरी सोडतो, त्याचं खातं बंद करायचं काम कुणाच्याच यादीत नसतं.

आणि एक खटला सगळ्यांनी वाचावा असा आहे: आय विरुद्ध फिनलंड, निकाल १७ जुलै २००८ चा. ही बाई डोळ्यांच्या विभागात परिचारिका होती आणि त्याच रुग्णालयात तिचे एचआयव्हीचे उपचार चालू होते. सहकाऱ्यांच्या वागण्यावरून तिला वाटायला लागलं की त्यांना कळलंय. फाइल कुणी कुणी पाहिली हे तिने मागितलं. उत्तर आलं की यंत्र फक्त शेवटच्या पाच वेळांची नोंद ठेवतं, तीही विभागाच्या नावाने, माणसाच्या नावाने नाही, आणि फाइल संग्रहात परत गेली की ती नोंदही पुसली जाते. तिच्या देशातल्या न्यायालयांनी तिला सांगितलं, तुमची फाइल बेकायदा उघडली हे तुम्हीच सिद्ध करा. ते ती कसं करणार? पुरावा ठेवायचं काम ज्यांचं होतं त्यांनी तो ठेवलाच नव्हता. शेवटी मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. कायद्याने गुप्तता जाहीर करणं पुरेसं नाही, अनधिकृत माणसाला फाइल उघडताच येणार नाही अशी प्रत्यक्ष व्यवस्था हवी होती, असं सांगितलं. तोवर तिची ती नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती.

एस्टोनियात रुग्णाला स्वतःची नोंद ऑनलाइन दिसते आणि ती कुणी उघडली तेही दिसतं. मी काम करत असताना असं काही असतं तर त्या चिकटपट्ट्या आम्ही स्वतःच काढल्या असत्या.


बायनरी
मंगळवार, रात्री ११.४५

जुनी_नोंद यांना साष्टांग नमस्कार.

मी आकडेवारी हाताळणारा माणूस. इथे अजून न आलेला मुद्दा म्हणजे 'नावं काढून टाकलेली' माहिती. नाव, पत्ता काढला की बहुतेक कायद्यांच्या लेखी ती माहिती कुणाचीच राहत नाही, मग ती विकली, वाटली, जोडली तरी चालते. हिपात अठरा प्रकारच्या खुणा काढायची यादीच आहे.

ती यादी येण्याआधीची गोष्ट. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी सांगितलं होतं की खासगीपण सुरक्षित आहे. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले त्या यादीत सहा जण होते, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. त्यांची वैद्यकीय नोंद सापडली. पुढे स्वीनी यांनीच हिशोब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात.

हे जुनं झालं म्हणाल तर ऑस्ट्रेलिया. २०१६ मध्ये सरकारने सुमारे २९ लाख लोकांच्या उपचारांच्या आणि औषधांच्या बिलांची नाव काढलेली माहिती इंटरनेटवर ठेवली. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की बाळंतपणाची तारीख, एखादी जाहीर झालेली शस्त्रक्रिया अशा चारदोन गोष्टी माहीत असल्या तर त्यात माणूस शोधता येतो. माहिती काढून टाकली गेली, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडून ती परत कशी आणणार?

ॲपबद्दल कवडसा बरोबर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने औषधांवर सवलत मिळवून देणारी गुडआरएक्स आणि बेटरहेल्प या दोघांवर कारवाई केली, कारण आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांकडे गेली होती. बेटरहेल्प ही तर ऑनलाइन समुपदेशन देणारी. दोन्ही कारवाया हिपाखाली नव्हत्या, ग्राहकांची दिशाभूल आणि माहितीफुटीची सूचना न देणं अशा नियमांखाली होत्या.


पाऊलवाट
बुधवार, सकाळी ८.३०

समुपदेशनाचा विषय निघाला म्हणून. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रुग्णांना थेट ईमेल आले: २०० युरो बिटकॉइनमध्ये द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला जे सांगितलं ते इंटरनेटवर टाकू. हजारो लोकांना. जीडीपीआर तेव्हा लागू होताच. केंद्र दिवाळखोरीत गेलं, त्याला ६ लाख ८ हजार युरोंचा दंड झाला, २०२४ मध्ये हल्लेखोराला सहा वर्षांहून जास्त शिक्षा सुनावली गेली. सगळं कायद्याप्रमाणे झालं. ज्याने त्या खोलीत पहिल्यांदा लहानपणीचा अत्याचार बोलून दाखवला असेल, त्याला यातून काय परत मिळालं? मी समुपदेशन मध्येच सोडलं ते ही बातमी वाचून. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय.


नाडीपरीक्षा
बुधवार, सकाळी ९.०५

पाऊलवाट, पुन्हा सुरू करावंसं वाटलं तर करा. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा: टिपणं कुठे ठेवता, कागदावर की यंत्रात, त्यात किती तपशील लिहिता, आणि आणखी कोण बघतं. हे विचारणं उद्धटपणा नाही. मला कुणी विचारलं तर मी खुर्ची सरकवून स्क्रीन दाखवते.


आजोळ
बुधवार, दुपारी १.१५

सगळे 'माझी नोंद' म्हणताहेत, पण ती एकट्याची असते का? माझ्या भावाने हौसेने डीएनए चाचणी केली. त्याच्या अहवालात जे आलं ते निम्मं माझंही आहे, आणि मी कुठेही सही केलेली नाही. अशी चाचणी करणाऱ्या २३अँडमी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो लोकांची आनुवंशिक माहितीच मालमत्ता म्हणून विक्रीला निघाली.

एकाच निकालाने मला धीर दिला, आइसलँडचा, २००३ चा. सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका डेटाबेसमध्ये आणायचा कायदा तिथे झाला होता. वडील वारलेल्या एका मुलीने सांगितलं, वडिलांची नोंद त्यात घालू नका, त्यावरून माझ्याबद्दलही कळतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मान्य केलं.


अधोरेखित
बुधवार, रात्री १०.२०

आजोळ, महत्त्वाचं बोललात. मृतांच्या बाबतीत कायदे फार वेगवेगळे आहेत. हिपा मृत्यूनंतर ५० वर्षं लागू राहतो, जीडीपीआर जिवंत माणसांपुरताच.

व्यक्तिगत संदेशातून दोघांनी भारताबद्दल विचारलं, थोडक्यात लिहितो. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड या खटल्यात नियोजित वधूच्या जिवाचा विचार करून रुग्णाची एचआयव्हीची माहिती उघड होणं चुकीचं ठरवलं नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात आणि एचआयव्हीच्या कायद्यात गुप्ततेची चांगली कलमं आहेत. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा, जास्त संवेदनशील असा वर्गच नाही, तो आधीच्या मसुद्यांत होता. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, तो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं जुनं कलम मात्र हा कायदा काढून टाकतो. माझ्या मते ही मोठी चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.


कवडसा
शुक्रवार, रात्री ८.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट, तुम्हाला व्यक्तिगत संदेश केलाय.

जुनी_नोंद यांचा प्रतिसाद वाचून बुधवारी मी त्या जुन्या रुग्णालयाला अर्ज दिला की माझी फाइल कुणी कुणी पाहिली ते कळवा. आज उत्तर आलं. एकच पान, तीन ओळी. दोन ओळी माझ्या उपचारांच्या काळातल्या. तिसरी गेल्या वर्षीची, विम्याच्या अर्जानंतर नऊ दिवसांनी. त्यापुढे माणसाचं नाव नाही, फक्त 'प्रशासन विभाग'. किती पानं दिली तेही नाही. गोळीबद्दल विचारलं हे मला माहीत आहे, समुपदेशकाची टिपणं गेली का हे या कागदावरून कळत नाही, आणि मला तेवढंच जाणून घ्यायचंय.


जुनी_नोंद
शुक्रवार, रात्री १०.३०

ताई, पुन्हा अर्ज करा. "कुणी पाहिली" असं विचारलंत की ते विभागाचं नाव देऊन मोकळे होतात. असं मागा: कोणत्या लॉगिनवरून, कोणत्या संगणकावरून, किती वाजता, आणि काय छापलं किंवा पाठवलं. बाहेर पाठवलेल्या कागदांची जावक नोंदवही वेगळी असते, तिच्यात पानांचा आकडा लिहितात. त्या तारखेच्या जावक नोंदीची प्रत मागा, आणि सोबत विमा कंपनीने पाठवलेल्या मागणीपत्राचीही. मागणीपत्रात काय मागितलं आणि जावकेत किती पानं गेली, हे दोन कागद शेजारी ठेवलेत की कळेल. पोच घ्यायला विसरू नका.